सुरीच्या टोकावरची काजळी

तेल उकळत होते, म्हणजे लिडमिलाआत्याने कोणाचेही ऐकायचे नाही असे ठरवलेले होते.

आल्बिना अंगण ओलांडून उन्हाळी स्वयंपाकघराकडे निघाली तेव्हाच तिला जवसाच्या तेलाचा वास लागला. अठ्ठावीस सप्टेंबरचा वास. श्वेहलांच्या घरात संत वाक्लावचा दिवस वर्षानुवर्षे असाच उजाडत आला होता. आधी चर्च, मग कॉफी, मग बैठकीच्या खोलीतले मोठे चित्र उतरवून राय नावाच्या धान्याच्या पावाच्या मऊ गराने पुसायचे आणि हंसाच्या पिसाने त्याला तेल पाजायचे. घरात शब्दच तो होता, पाजायचे. चित्र वर्षभर उपाशी असते आणि आज जेवते, असे आल्बिना सहा वर्षांची असताना आत्याने तिला सांगितले होते. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती. रसायनशास्त्र शिकून ओमाहातल्या एका संग्रहालयात जुनी चित्रे दुरुस्त करत होती. त्या जेवणांनी चित्राचे काय झाले, ते तिला गेल्या तीन आठवड्यांत कळले होते.

आत्याला मात्र तिने अजून सांगितले नव्हते.

चित्र सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवलेले होते, नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद. आल्बिनाने रोज संध्याकाळी त्यावर चादर घालायची आणि आत्याने ती उचलायची नाही, असे दोघींत ठरले होते. आत्याने शब्द पाळला होता. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. वय ऐंशी, पाठ ताठ, कमरेला सणाचा भरतकाम केलेला एप्रन.

"आलीस? पीस धुऊन ठेवलंय. तुझा हात स्थिर आहे, आकाश तू घे. नदी मी करते."

"आत्या, आज तेल नको."

"आज नको तर मग काय नाताळात?" आत्याने वळूनही पाहिले नाही. "परवा रविवारी चित्र हॉलवर जायचंय. लॅडी म्हणतो, आठ स्क्रू मारले की शंभर वर्षं हलत नाही. उपाशी पाठवू त्याला?"

"रविवारी नेलं तरी तेल नको."

"तू म्हणालीस धुऊन देते. मी हो म्हटलं. धुतलंस ना? मग आंघोळ घातलेल्या पोराला उघडंच ठेवायचं का?"

आल्बिनाने याचे उत्तर रात्री अंथरुणात तीनदा मनात म्हणून पाहिले होते. आता ते तिने सावकाश, प्रयोगवहीत लिहावे तसे सांगितले. "धुतलं नाही आत्या, सोललं. आपण दर वर्षी लावलेलं तेल वाळून त्याची साल झाली होती. काळी, बुटाच्या चामड्यासारखी. ती मी काढली. आता खालचा रंग उघडा पडलाय. त्यावर आज तेल लावलं, तर ते रंगातच मुरेल. मग ते मला काय, कोणालाच, कधीही काढता येणार नाही."

"काढायचं कशाला पण?"

अंगणात लॅडीचा ट्रक येऊन थांबला, आणि या प्रश्नाचे उत्तर तिथेच राहिले.

लॅडी आत्याचा थोरला मुलगा. शेती सांभाळून गावातले धान्याचे कोठार तो चालवत असे, आणि गावाच्या सभागृहाचा, हॉलचा, अध्यक्षही तोच होता. यंदा हॉलला शंभर वर्षे होत होती. दारावर आल्बिनाच्या पणजोबांच्या थोरल्या भावाचे, वोय्तेख श्वेहलाचे नाव होते. वोय्तेखने १८७३ च्या शरदात बारा माणसांनिशी नदीचा उतार, पायी ओलांडता येते ती जागा, राखला, सूर्य बुडताना चाल करून आलेल्या ओटोंना, तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळीला, परतवले, म्हणून हे खोरे आपले राहिले. ही गोष्ट गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होती. वोय्तेखचा धाकटा भाऊ मात्यास, म्हणजे आत्याचे आजोबा, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि तिथे हजर होता. मूळ देशी, बोहेमियात, असताना तो चर्चमध्ये चित्रे काढणाऱ्या कारागिराकडे शिकला होता, इथे येऊन गाड्या रंगवायचा. लढाईनंतर अठरा वर्षांनी त्याने हे चित्र काढले. लाल आकाश, काळे पाणी, काळे स्वार, आणि मधोमध घोड्यावर कुऱ्हाड उगारलेला एक जण. लहानपणी लढाईचा खेळ खेळताना लॅडी वोय्तेख व्हायचा. आल्बिना धाकटी, म्हणून कुऱ्हाडवाला व्हायची, आणि दर वेळी मरायची.

"बघ गं आई!" लॅडीने घोंगडीत गुंडाळलेली पितळी पाटी टेबलावर ठेवली. मागून त्याची बायको बर्नीस खसखशीच्या कोलाच्यांचे, गोल गोड पावांचे, ताट घेऊन आली. लॅडीने पाटी मोठ्यांदा वाचली. "'ओटो टोळीच्या हल्ल्यापासून हे खोरे राखणाऱ्या वोय्तेख श्वेहला आणि त्याच्या बारा सोबत्यांस.' कशी वाटते?"

"जड वाटते," बर्नीस म्हणाली. "सकाळपासून माझ्या मांडीवर होती."

"आल्बिना, चादर काढ. आठ स्क्रूंच्या जागांची मापं घ्यायचीत मला."

आल्बिनाने आत्याकडे पाहिले. आत्याने तेलाचे भांडे आचेवरून उतरवले आणि मान हलवली. तेव्हा आल्बिनाने चादरीची दोन टोके धरली आणि ती एका बाजूने गुंडाळत नेली.

लॅडी म्हणाला, "हे आपलं नव्हे."

आकाश लाल नव्हते. ते फिकट होते, क्षितिजापाशी पिवळसर, गव्हाच्या कोवळ्या रोपांवर पहाटे दिसते तसे. पाणी हिरवे आणि उथळ होते, तळातले दगडसुद्धा दिसत होते. आणि पाण्यात स्वारांची फौज नव्हती. बायका होत्या, गुडघ्यापर्यंत ओल्या, पाठीवर बोचकी घेतलेल्या. घोड्यांच्या मागे दोन दोन काठ्यांवर बांधलेले सामान ओढले जात होते. एक कुत्रा पोहत होता. एका घोड्यावर तीन-चार वर्षांची मुलगी दोन्ही मुठींत आयाळ धरून बसली होती. चित्राच्या मध्यभागी मात्र तळहाताएवढा काळा डाग अजून शिल्लक होता. घोड्यावरच्या माणसाचा उगारलेला हात त्या डागात बुडाला होता.

"संध्याकाळ कुठं गेली?" आत्याने विचारले. आवाज अगदी हळू होता.

"संध्याकाळ नव्हतीच. सावल्या बघ. आपल्या काठाकडे पडल्यात. आपला काठ पश्चिमेचा, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीमागून येतंय. पूर्वेकडून." मग ती लॅडीकडे वळली. "तू जन्मभर त्या काठावर मका पेरलास. तूच सांग."

लॅडी शेतकरी होता, सावली त्याला वाचता येत होती. त्याने एकदा खिडकीबाहेर नदीच्या दिशेने पाहिले.

"मग संध्याकाळ कोणी केली?"

"तेलानं, आत्या. जवसाचं तेल वाळलं की आधी पिवळं होतं, मग तपकिरी. त्र्याण्णव थर म्हणजे..."

"म्हणजे मी." आत्या खुर्चीवर बसली. "माझ्या आजीनं, आईनं आणि मी. मी बारा वर्षांची होते पहिल्यांदा पीस हातात घेतलं तेव्हा. अडुसष्ट वर्षं."

"तुला माहीत नव्हतं."

"समजूत घालू नकोस. मोजलेलं बरं असतं, तूच म्हणतेस ना?"

लॅडीला आता आवाज सापडला होता. "असं पाहा, तेल काळं झालं असेल. मान्य. पण काळं गेलं म्हणून बायका कुठून आल्या? तू तर नाही ना रंगवल्यास?"

"लॅडी!" बर्नीस म्हणाली.

"विचारतोय फक्त. परवा दोनशे माणसं येणार आहेत. मी त्यांच्यापुढं उभा राहून काय सांगू? आमच्या पणजोबांच्या भावानं नदी ओलांडणाऱ्या बायकापोरांवर बंदुका झाडल्या? वोय्तेखच्या नावानं माझं नाव ठेवणार होते, माहितीये? ते खोटं असेल तर शंभर वर्षं आपण कोण होतो?"

तो मस्करी करत नव्हता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि आल्बिनाला त्याची दया आली. वोय्तेख व्हायची सवय मोडणे सोपे नव्हते. तिला निदान मरायची सवय होती.

बर्नीस कोलाच्यांवरचे फडके काढत होती. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. बारा वर्षं झाली, कबरस्तानातलं गवत मी काढते. त्या सालची एकच कबर आहे तिथं. गोवरानं गेलेली पोर. एवढी मोठी लढाई झाली, तर आपल्यातलं मेलं कोण?"

"आजवर हे बोलली नाहीस!"

"आजवर तू विचारलं नव्हतंस."

बाहेर पुन्हा गाडीचा आवाज आला. लॅडीने कपाळाला आठी घातली. "आता कोण?"

आल्बिनाने चादर टेबलावर ठेवली. "मी बोलावलंय त्यांना. अडेला रूबिडू. ओक्लाहोमाहून आल्यात, रेड रॉकहून. ओटो आहेत."

आत्या खुर्चीतून उठली. उठल्यावर ती आल्बिनापेक्षा अजूनही दोन बोटे उंच होती. "माझ्या घरी? सणाच्या दिवशी? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं. चूक माझीच आहे, आत्या."

"आहेच." आत्याने एप्रनच्या गाठी घट्ट केल्या. "त्याचं नंतर बघू. बर्नीस, मोठ्या किटलीत कॉफी टाक. दाराशी आलेलं माणूस या घरातून कोरड्या तोंडानं गेलेलं नाही, ते कोण का असेना."

अडेला रूबिडू साठीच्या होत्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे असेल, दारात उभ्या राहून त्यांनी सगळ्यांकडे हजेरी घेतल्यासारखे पाहिले. मग पाय पुसून आत आल्या.

"प्रवास कसा झाला?" आत्याने विचारले. विचारणे भाग होते.

"सहा तास लागले. आमच्या लोकांना इथून खाली हाकललं तेव्हा तीन आठवडे लागले होते. रस्ता बराच सुधारलाय."

बर्नीसला हसू आले आणि तिने ते किटलीत लपवले. आत्या हसली नाही, पण तिने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

अडेला बसल्या नाहीत. त्या चित्राभोवती हळूहळू फिरल्या, हात पाठीमागे बांधून. घोड्यावरच्या मुलीपाशी त्या इतका वेळ थांबल्या की लॅडीने दोनदा घसा खाकरला. मग त्या मधल्या काळ्या डागापाशी आल्या, वाकल्या, आणि आल्बिनाकडे बघून म्हणाल्या, "कागद कुठंय?"

"कसला कागद?" लॅडी म्हणाला.

"एक मिनिट." आल्बिनाला क्रम चुकवायचा नव्हता. "आधी यांना सांगा, मी पत्रात तुम्हाला काय लिहिलं होतं?"

"तीन ओळी. एक चित्र आहे, अमुक सालचं, अमुक उतारावरचं. यातलं काही तुमच्याकडे कोणाला आठवतं का. चित्रात काय आहे ते तुम्ही लिहिलं नव्हतंत. मला जरा रागच आला होता त्याचा."

"मुद्दामच नव्हतं लिहिलं. आता सांगा."

अडेलांनी कॉफीचा कप घेतला, पण तो नुसताच दोन्ही हातांत धरला. "माझ्या आजीचे आजोबा पुढं होते. हिवाळ्याच्या शिकारीला निघाले होते सगळे, पश्चिमेला. एकोणीस जण. सरकारी एजंटनं त्यांना कागद दिला होता, सही-शिक्क्याचा. सांगितलं होतं, गोरे दिसले की हा वर धरायचा, मग कोणी गोळी घालत नाही. काठावर माणसं दिसली. त्यांनी कागद वर धरला." त्या थांबल्या. "आठ जण पाण्यातच राहिले. आजी चार वर्षांची होती, घोड्यावर. घोडा तिला घेऊन माघारी पळाला. ती गोष्ट सांगायची तेव्हा नेहमी त्या हातापाशी थांबायची. हात खाली आला असं ती कधीच म्हणाली नाही."

"बाई, तुमच्या आजीबद्दल मला वाईट वाटतं, खरंच," लॅडी म्हणाला. "पण त्या हातात कुऱ्हाड आहे. मी पन्नास वर्षं बघतोय. आल्बिना, तू सांग."

"मी काय सांगू? मी तो भाग पुसलेलाच नाही. कडेपासून सुरुवात करायची, आकाश, पाणी, गवत. चेहरे आणि हात शेवटी. तोवर हाताला अंदाज येतो, चूक झालीच तर कडेला होते. तिथं काय आहे ते या खोलीत कोणालाच माहीत नाही."

"आणि कुऱ्हाड निघाली तर?"

"तर कुऱ्हाड."

"तर मी एक कोलाच खाऊन घरी जाईन," अडेला म्हणाल्या. "बाईंनी दिलं तर."

"आणि कागद निघाला, तर माझी पाटी..." लॅडीने वाक्य अर्धे सोडले. मग तो आईकडे वळला. "आई, चित्र तुझं आहे. तू म्हणशील तसं. तेल तयार आहे. दहा मिनिटांत लावून होईल, आणि जसं होतं तसं होईल. तू सांग."

बोलण्यासारखे सगळे आल्बिनाने सांगितले होते. भांड्यातले तेल अजून कोमट होते आणि शेजारी पीस वाळत ठेवले होते. एकदा ते फिरले की अडेलाबाईंच्या आजीची गोष्ट आणखी शंभर वर्षे त्याच हातापाशी थांबून राहणार होती.

पण आत्या कोणाचेच ऐकत नव्हती. ती चित्राच्या उजव्या कोपऱ्यापाशी गेली होती, काठाच्या बाजूला. तिथे वोय्तेख आणि त्याची माणसे गुडघे टेकून नेम धरून होती. आणि त्यांच्या मागे, गवतात, एक पोरगेलासा तरुण बसला होता. बंदूक त्याच्या पायांशी पडली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले, दोन्ही हातांचे तळवे कानांवर दाबलेले.

"हा इथं होता?"

"सगळ्यात पहिल्यांदा तोच निघाला," आल्बिना म्हणाली. "तो कोपरा सर्वांत काळा होता."

आत्याने बोट पुढे नेले, पण रंगाला लावले नाही. "आजोबा असेच बसायचे. मी लहान असताना. वादळात गडगडाट सुरू झाला की तळघराच्या पायरीवर, अस्से. आम्ही पोरं हसायचो. आजी एकदा माझ्या थोबाडीत मारून म्हणाली होती, हसू नका, त्यांना ढग ऐकू येत नाहीत." ती थांबली. "मला वाटायचं, आजीला बोलता येत नाही नीट."

शेगडीत लाकूड तडकले. लॅडीने टोपी काढून हातात घेतली होती.

"आल्बिना, त्या तेलात काजळी असते, तुला माहीत आहे का?"

आल्बिनाने मान वर केली. "काजळी?"

"एक वाटी तेल आणि सुरीच्या टोकावर मावेल एवढी काजळी. कंदिलाच्या काचेची. तुम्ही कोणी उठायच्या आधी घालायची. घरातल्या थोरल्या बाईनंच घालायची, आणि का ते विचारायचं नाही. मी आईला विचारलंच. ती म्हणाली, चित्र फार चमकू नये म्हणून. आजोबांनी आजीला तसं सांगितलं होतं."

सूक्ष्मदर्शकाखाली आल्बिनाने ते काळे कण पाहिले होते. हजारो, प्रत्येक थरात. 'शेगडीचा धूर' असे तिने वहीत लिहून टाकले होते आणि पुढे गेली होती. आता तिने एक स्टूल ओढले आणि त्यावर बसली.

"आत्या, चर्चमध्ये चित्रं काढायला शिकलेल्या माणसाला जवसाचं तेल काळं होतं हे माहीत नसणं शक्य नाही. पहिल्या वर्षी शिकवतात ते."

"म्हणजे त्यांनी मुद्दाम झाकलं," लॅडी म्हणाला.

"झाकलं. पण आणखी एक आहे." ती भराभर बोलू लागली, तिच्या नेहमीच्या स्वभावाच्या विरुद्ध. "तेलाची साल रंगाला चिकटलेलीच नव्हती. मध्ये सरसाचा एक थर आहे. जनावराच्या कातड्याचा सरस, सुतार वापरतात तो. पातळ, एकसारखा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मला वाटलं, जुनी डागडुजी असेल. पण सरस कोमट पाण्यानं फुगतो. बोळा ठेवला की तो सुटतो आणि वरचं सगळं घेऊन निघतो. त्याच्याशिवाय मला यातलं बोटभरही काढता आलं नसतं. नुसतं झाकायचं असतं तर सरस कशाला लावतील? काळा रंगच फासला असता. नाहीतर चुलीत घातलं असतं."

अडेलांनी कप खाली ठेवला.

"मात्यास भावाला घाबरला असेल," बर्नीस म्हणाली. "चित्र काढलं तेव्हा वोय्तेख जिवंत होता ना?"

"आजोबा गेले त्याच्यानंतर दोन वर्षं होता," आत्या म्हणाली. "रोज जेवायला यायचा. त्या चित्राखाली बसायचा."

ती शेगडीपाशी गेली. तेलाचे भांडे उचलले. क्षणभर आल्बिनाला वाटले, संपले. आत्याने भांडे दाराबाहेर पायरीवर ठेवले आणि आत येऊन हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत, प्रसूतीला जाणाऱ्या सुईणीसारखे.

"कसं करतात सांग."

"मी करते आत्या, तो भाग नाजूक..."

"अडुसष्ट वेळा मी तो हात काळा केलाय. कसं करतात तेवढं सांग."

आल्बिनाने कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून पिळला आणि आत्याच्या हाती दिला. "असा ठेवायचा, दाबायचं नाही. शंभर मोजायचे. मग या हाडाच्या पट्टीनं कडेनं उचलायचं. निघत नसेल तर ओढायचं नाही, पुन्हा पाणी."

आत्याने बोळा काळ्या डागावर ठेवला आणि मोजू लागली. ती जुन्या भाषेत मोजत होती, बोहेमियाच्या, लहानपणच्या. विसाच्या पुढे लॅडीचे ओठही हलू लागले. पन्नासला बर्नीसही. अडेलांना भाषा येत नव्हती, त्या नुसत्या उभ्या होत्या, मुठी घट्ट आवळून.

पहिल्या शंभराला काहीच सुटले नाही. आत्याने पट्टी लावून पाहिली, मान हलवली आणि दुसरा बोळा मागितला.

दुसऱ्या शंभरानंतर साल एका कडेने किंचित उचलली गेली. आत्याच्या हातातली पट्टी रंगाला समांतर राहिली. आधी मनगट निघाले, गव्हाळ. मग अंगठा. मग अंगठा आणि बोटे यांच्या मध्ये, नखाएवढे, काहीतरी पांढरे. आत्या थांबली. श्वास घेतला. पुन्हा पाणी, पुन्हा शंभर. साल सुटून तिच्या बोटांवर आली, काळी, खरबरीत. खाली चौकोनी घडी उलगडलेला एक कागद होता. उन्हात वर धरलेला, कोपऱ्यात शिक्क्याचा लाल ठिपका. सबंध चित्रात इतके पांढरे दुसरे काहीही नव्हते.

लॅडी खाली बसला, चित्रासमोर, जमिनीवरच.

अडेला वाकून बघत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. "लिहिलंय का त्यावर काही?"

आल्बिनाने भिंग धरले. "अक्षरं नाहीत. नुसत्या ओळी आहेत ब्रशच्या. चार. मात्यासला तो वाचायला मिळाला नसेल."

"असू दे. आम्हाला पाठ आहे तो. एजंटनं वाचून दाखवला होता, म्हाताऱ्यांनी पोरांकडून घोकून घेतला. शाळेत प्रार्थना म्हणायच्या आधी मला हा येत होता." त्या सरळ उभ्या राहिल्या, आणि वर्गात म्हणावे तशा स्पष्ट म्हणाल्या, "'हा कागद धरणारा माणूस भला आहे. त्याच्यासोबत त्याची बायकापोरं आहेत. ते शिकारीला चालले आहेत. त्यांना वाट द्यावी.'"

आत्याने एप्रनला हात पुसले. ताटातले सर्वांत मोठे कोलाच उचलून तिने अडेलांच्या हातात ठेवले, आणि त्या खाईपर्यंत समोर उभी राहिली.

"त्यांचं नाव काय होतं?" तिने विचारले.

अडेलांनी सांगितले. ओटो भाषेतले नाव होते, लांब, घशातून येणारे. आत्याला ते नीट म्हणता आले नाही. तिने दुसऱ्यांदा म्हटले, तिसऱ्यांदा म्हटले. चौथ्यांदा अडेलांनी मान डोलावली.

"रविवारी अर्धी माणसं उठून जातील," लॅडी जमिनीवरून म्हणाला.

"अर्धी बसतील," आत्या म्हणाली. "तू हॉलचा अध्यक्ष आहेस की खुर्च्यांचा?"

बर्नीस दारापाशी गेली होती. "या तेलाचं काय करू?"

"गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्यांना घाल. कधीपासून कुरकुरताहेत. आणि अडेलाबाई, आज मुक्काम इथंच. खालचा अर्धा हात अजून राहिलाय."

लॅडी गुडघ्यांवर हात टेकून उठला. तो टेबलाशी गेला, घोंगडी बाजूला केली आणि पितळी पाटी दोन्ही हातांनी उचलून पालथी घातली. मागची बाजू कोरी होती, कच्ची, घासलेली नसलेली. त्याने कानामागची पेन्सिल काढली, जिने तो पोत्यांवर खुणा करीत असे, आणि टोक जिभेला लावले.

"बाई," तो अडेलांना म्हणाला, मान वर न करता, "तो कागद पहिल्यापासून सांगा. जरा हळू."